जुने पिस्तूल आणि गन शो : नव्या संग्राहकाच्या पहिल्या वर्षासाठी

पहिले वर्षभर एकही पिस्तूल विकत घेऊ नका. हा सल्ला लेखाच्या शेवटी ठेवला असता, तर तोपर्यंत कुणाच्या तरी हातात घासूनपुसून चकचकीत केलेले एखादे पिस्तूल आलेले असते, म्हणून तो आरंभीच देतो आहे. मी ओहायो राज्यात गेली एकवीस वर्षे एकोणिसाव्या शतकातली पिस्तुले जमवतो आहे. शिकागो, डेट्रॉइट, न्यू जर्सी इथल्या मराठी मंडळींनी या काळात "सुरुवात कुठून करू?" असे मला इतक्यांदा विचारले आहे की, त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहून ठेवावे असे वाटले. हे उत्तर अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांसाठीच आहे, कारण भारतातला शस्त्रविषयक कायदा पूर्णपणे वेगळा आहे.

या छंदात मोल असते ते अस्सलपणाला. कारखान्यातून बाहेर पडताना नळीवर जी निळी झळाळी होती, मुठीच्या लाकडावर जे तेल होते आणि तपासनिसाने जो शिक्का मारला होता, त्यातले जेवढे आज शिल्लक आहे तेवढीच त्या पिस्तुलाची श्रीमंती असते. नंतर कुणी कितीही कौशल्याने चढवलेला नवा मुलामा ती वाढवत नाही, उलट घटवतो. अस्सल काय आणि नंतरचे काय हे ओळखणारा डोळा पैसे देऊन मिळत नाही, तो तयार करावा लागतो आणि त्यासाठी एक वर्ष हा फार मोठा काळ नव्हे.

पहिली पायरी : १८९८ ची रेषा समजून घेणे

अमेरिकेच्या १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टनुसार १८९८ साली किंवा त्यापूर्वी तयार झालेले शस्त्र 'अँटिक' ठरते, आणि संघराज्याच्या कायद्याच्या व्याख्येत ते 'फायरआर्म' राहत नाही. त्यामुळे आधुनिक पिस्तूल दुकानदाराकडून घेताना जो सरकारी अर्ज भरावा लागतो आणि जी पार्श्वभूमीची तपासणी होते, ती संघराज्याच्या पातळीवर अशा वस्तूला लागू होत नाही. नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासून भरण्याची, आधुनिक काडतूस ज्यात चालूच शकत नाही अशी पिस्तुले नव्याने बनवलेली असली, तरी तीही बहुधा याच वर्गात मोडतात.

इथे दोन गोष्टी नीट लक्षात घ्याव्यात. पहिली ही की, मोजले जाते ते तयार होण्याचे साल, विक्रीचे नव्हे. स्मिथ अँड वेसन कंपनीच्या मधोमध उघडणाऱ्या मोठ्या रिव्हॉल्व्हरांच्या फ्रेम, म्हणजे मुख्य सांगाडे, १८९९ पूर्वीच घडवून ठेवलेल्या होत्या, आणि त्यांतली काही रिव्हॉल्व्हर विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातही विकली गेली, तरी संग्राहक त्यांना अँटिकच मानतात. दुसरी गोष्ट अशी की, पिस्तुलावर कोरलेली तारीख हे त्याचे जन्मसाल नसते. रेमिंग्टनच्या न्यू मॉडेल आर्मी या रिव्हॉल्व्हरच्या नळीवर सप्टेंबर १८५८ ची तारीख असते आणि त्यामुळे लोक त्याला सर्रास '१८५८ चे रेमिंग्टन' म्हणतात. ती तारीख पेटंटची आहे, आणि हे मॉडेल प्रत्यक्षात १८६३ पासून पुढे बनले. खरे साल शोधायचे ते अनुक्रमांकावरून. कोल्टच्या सिंगल ॲक्शन आर्मी या १८७३ पासूनच्या प्रसिद्ध रिव्हॉल्व्हरचा अनुक्रमांक साधारण १,८२,००० च्या आत असेल, तर ते १८९९ पूर्वीचे धरतात. अनुक्रमांक या रेषेच्या अगदी जवळ असेल, तर कंपनीच्या दफ्तरातून अधिकृत पत्र मागवल्याशिवाय व्यवहार करू नये. कोल्टकडे आणि स्मिथ अँड वेसनच्या इतिहास प्रतिष्ठानाकडे शुल्क भरून असे पत्र मिळते, आणि त्यात पिस्तूल कोणत्या तारखेला कुणाकडे रवाना झाले याची नोंद असते.

व्हिसावर असलेल्या वाचकांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. एच-१बी, एफ-१, एल-१ यांसारख्या तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्या व्यक्तीला संघराज्याचा कायदा फायरआर्म आणि काडतुसे बाळगण्यास मनाई करतो. शिकारीचा वैध परवाना असणे यांसारखे मोजकेच अपवाद त्याला आहेत. अँटिक शस्त्र व्याख्येबाहेर राहते हे खरे, पण काडतूस राहत नाही. १८९० चे एखादे रिव्हॉल्व्हर अँटिक असले, तरी त्यात बसणारे आणि आजही बाजारात मिळणारे काडतूस जवळ ठेवणे तुम्हाला महागात पडू शकते. म्हणून ग्रीन कार्ड मिळेपर्यंत काडतुसांच्या वाटेला जाऊच नये, गन शोमधल्या, म्हणजे शस्त्रांच्या प्रदर्शन-विक्रीतल्या, टेबलावरची आधुनिक शस्त्रे हातात घेऊ नयेत, आणि खरेदीपूर्वी इमिग्रेशनचे काम करणाऱ्या वकिलाशी एकदा बोलून घ्यावे. या सल्ल्यासाठी द्यावी लागणारी फी ही पहिल्या पिस्तुलाच्या किमतीचाच भाग समजावी.

संघराज्याच्या कायद्याने सवलत दिली म्हणजे राज्याने दिली असे होत नाही. न्यूयॉर्क राज्याची अँटिक पिस्तुलाची व्याख्या सालावर नसून बार उडवण्याच्या पद्धतीवर, काडतूस आज बाजारात मिळते की नाही यावर आणि पिस्तूल रिकामे आहे की नाही यावर आहे. न्यू जर्सीत २०१४ मध्ये एका वयस्कर संग्राहकाला गाडीत अठराव्या शतकातले चकमकीचे पिस्तूल सापडल्यामुळे अटक झाली होती. पुढे आरोप मागे घेतले गेले, तरी मधल्या काळात त्या माणसाला सोसावे लागले ते लागलेच. एडिसन किंवा जर्सी सिटीत राहणाऱ्या आपल्या लोकांनी शेजारच्या पेनसिल्व्हेनियात जाऊन खरेदी करण्यापूर्वी घरच्या राज्याचा नियम लेखी स्वरूपात तपासावा.

भारताशी संबंध असलेले दोन मुद्दे इथेच सांगून टाकतो. इथे घेतलेले कोणतेही पिस्तूल, मग ते कितीही जुने किंवा नादुरुस्त असो, सुटीला जाताना भारतात नेऊ नये. तिकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे, आणि विमानतळावर इथल्या कायद्याचे स्पष्टीकरण कामाला येत नाही. त्याचप्रमाणे गावाकडच्या वाड्यात भिंतीवर टांगलेली तोड्याची बंदूक इकडे आणण्याचा विचारही करू नये, कारण शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू देशाबाहेर नेण्यावर १९७२ च्या पुरावशेष कायद्याने निर्बंध घातले आहेत.

दुसरी पायरी : आधी संग्रहालय, मग बाजार

अस्सल वस्तू काचेआड का होईना पण भरपूर पाहिल्याशिवाय नकली वस्तू ओळखू येत नाही. वायोमिंगमधल्या कोडी इथले शस्त्रसंग्रहालय, मॅसॅच्युसेट्समधले स्प्रिंगफील्ड आर्मरी हे राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ, आणि कनेक्टिकटमधल्या हार्टफर्ड या कोल्टच्या गावातली संग्रहालये ही या विषयाची तीर्थक्षेत्रे आहेत. तुलसाच्या गन शोला जाणार असाल, तर तिथून जवळच असलेल्या क्लेअरमोर गावातल्या जे. एम. डेव्हिस संग्रहालयासाठी अर्धा दिवस राखून ठेवावा. एका हॉटेलमालकाने आयुष्यभर जमवलेल्या हजारो बंदुका आणि पिस्तुले तिथे ओळीने मांडलेली आहेत, आणि एकाच प्रकारची अनेक पिस्तुले शेजारी शेजारी पाहायला मिळणे हे नवशिक्यासाठी एखाद्या दुर्मीळ नगापेक्षा कितीतरी अधिक उपयोगाचे असते.

पाहताना बार कसा उडवला जाई यावरून पिस्तुलांचे तीन मोठे गट डोळ्यांसमोर ठेवावेत. चकमकीच्या पिस्तुलात घोड्याच्या जबड्यात गारगोटी असते. ती पोलादावर आपटून ठिणगी पडते आणि रंजक, म्हणजे नळीतला बार पेटवणारी चिमूटभर दारू, पेटते. टोपीच्या पिस्तुलात स्फोटक भरलेली तांब्याची छोटी टोपी घोड्याखाली चेपली जाते. या पद्धतीचे मूळ अलेक्झांडर फॉर्साइथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने १८०७ साली घेतलेल्या पेटंटमध्ये आहे. तिसरा गट काडतुसांचा. स्मिथ अँड वेसनचे छोटे मॉडेल नंबर वन १८५७ साली आले, आणि सिलिंडरला, म्हणजे गोळ्या भरण्याच्या फिरत्या नळकांड्याला, आरपार भोके पाडण्याच्या रोलिन व्हाइटच्या पेटंटमुळे १८६९ पर्यंत इतरांना तसे रिव्हॉल्व्हर मोकळेपणाने बनवता आले नाही. कोकणात ज्यांनी शेतराखणीची ठासणीची बंदूक जवळून पाहिली आहे, त्यांना पहिले दोन गट समजायला वेळ लागणार नाही. गज, दारू, गोळी आणि टोपी हे सगळे तेच आहे.

तिसरी पायरी : लहानसे क्षेत्र निवडणे

सगळेच थोडे थोडे जमवणारा माणूस दहा वर्षांनीही नवशिकाच राहतो, हे मी जवळून पाहिले आहे. एक मॉडेल, एक कारखाना किंवा एक कालखंड निवडावा. अमेरिकी सैन्याची एकबारी पिस्तुले हे सुंदर क्षेत्र आहे. त्यातले हार्पर्स फेरी इथल्या सरकारी कारखान्याचे १८०५ चे पिस्तूल सुमारे चार हजारच बनले आणि ते नवशिक्याच्या आवाक्याबाहेर आहे, परंतु कनेक्टिकटमधल्या मिडलटाउनला ॲस्टन आणि जॉन्सन यांनी बनवलेले १८४२ चे टोपीचे पिस्तूल आजही टेबलांवर दिसते. कमी पैशांत सुरुवात करायची, तर १८७० आणि १८८० च्या दशकांतली खिशात मावणारी स्वस्त रिव्हॉल्व्हरे आहेत, ज्यांच्या चापाला बाहेरचे कडे नसते. ती काही शे डॉलरांत मिळतात आणि त्यांच्या कारखान्यांची नावे शोधण्यातच एक हिवाळा आनंदात जातो.

माझी स्वतःची शिफारस कोल्टच्या १८४९ च्या पॉकेट मॉडेलची आहे, आणि तिचे कारण पूर्णपणे व्यावहारिक आहे. हे ३१ कॅलिबरचे छोटे रिव्हॉल्व्हर तीन लाखांहून अधिक संख्येने बनले, त्यामुळे कोणत्याही चांगल्या शोमध्ये ते दहा-पंधरा टेबलांवर तरी असते. अनुक्रमांकावरून साल सांगणारे तक्ते सहज मिळतात, आणि तुलनेला एवढी सामग्री असल्यामुळे चूक झाली तरी ती लवकर लक्षात येते. दुर्मीळ वस्तूपासून सुरुवात करणाऱ्याला तुलनाच करता येत नाही. लिलावात २०१८ साली कोल्टचे वॉकर हे एक दुर्मीळ रिव्हॉल्व्हर १८ लाख ४० हजार डॉलरांना गेले. असे आकडे वाचून या छंदात गुंतवणूक म्हणून उतरणाऱ्यांना मी नेहमीच परावृत्त करत आलो आहे.

आपल्या इतिहासाशी नाते सांगणारे एक क्षेत्र म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीची चकमकीची पिस्तुले. त्यांच्याविषयी मला विशेष ममत्व आहे आणि म्हणूनच त्यांच्याबाबत विशेष सावध राहायला सांगतो. १८०८ पर्यंत कंपनीची खूण म्हणजे चार भागांत विभागलेले हृदय, आणि त्यानंतर मागच्या पायांवर उभा राहिलेला सिंह. अफगाणिस्तानच्या बाजारात विदेशी सैनिकांना विकण्यासाठी बनवलेल्या असंख्य नकली पिस्तुलांवर ही दोन्ही चिन्हे ठोकलेली असतात, आणि पुष्कळदा हृदयाच्या खुणेखाली त्या खुणेला न शोभणारे नंतरचे साल घातलेले असते. परत आलेल्या सैनिकांबरोबर ही पिस्तुले मोठ्या संख्येने अमेरिकेत आली. विकणारा अनेकदा प्रामाणिक असतो, तोही तिथे फसलेलाच असतो.

चौथी पायरी : गन शोमध्ये पहिला दिवस

सगळे गन शो सारखे नसतात. जत्रेच्या मैदानावर शनिवार-रविवारी भरणाऱ्या बहुसंख्य शोंमध्ये आधुनिक शस्त्रे, काडतुसे, सुऱ्या आणि वाळवलेले मांस यांचीच टेबले अधिक असतात, आणि जुन्या पिस्तुलांची दोन-चार टेबले कोपऱ्यात सापडतात. अशा ठिकाणी एक तास पुरेसा आहे. खरा वेळ द्यावा तो संग्राहकांच्या संघटनांच्या प्रदर्शनांना. आमच्या ओहायोतली संग्राहकांची संघटना १९३७ पासून आहे आणि तिचे शो मुख्यतः सभासदांसाठी असतात. सभासदाबरोबर पाहुणा म्हणून जाणे हा प्रवेशाचा उत्तम मार्ग. ओक्लाहोमातल्या तुलसाला वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, भरणारा वॅननमाकर शो हा आकाराने अफाट आहे. एकाच छपराखाली चार हजारांहून अधिक टेबले असतात आणि दोन दिवसांतही ती सगळी पाहून होत नाहीत. तिथे पहिल्याच वेळी जाऊ नये. आधी दोन-तीन लहान शो करून पाय आणि डोळे तयार करावेत.

बरोबर एक चांगले भिंग, छोटी विजेरी, मोजपट्टी, मऊ सुती फडके, वही आणि पेन्सिल असावी. प्रवेशशुल्क बऱ्याच ठिकाणी रोखीनेच घेतात. स्वतःचे पिस्तूल दाखवायला किंवा विकायला नेत असाल, तर दारावरचा पोलीस किंवा स्वयंसेवक ते रिकामे असल्याची खात्री करून त्यातून प्लॅस्टिकची पट्टी ओवतो, आणि ती पट्टी आत असेपर्यंत काढायची नसते.

पहिली फेरी हात पाठीमागे बांधून करावी. हे मी अक्षरशः सांगतो आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात वस्तू उचलून, उलटीसुलटी करून, पुन्हा टाकून देण्याची आपली जी सवय आहे ती इथे चालत नाही. आधी विक्रेत्याच्या डोळ्यांत पाहून "हात लावू का?" असे विचारावे, तो हो म्हणाल्यावरच पिस्तूल दोन्ही हातांनी उचलावे, आणि नळी कायम जमिनीकडे किंवा टेबलावरच्या रिकाम्या दिशेला ठेवावी. घोडा मागे ओढायचा असेल, तर त्यासाठी वेगळी परवानगी घ्यावी. चाप ओढून घोडा रिकामा आपटणे हा जुन्या पिस्तुलाच्या बाबतीत मोठा अपराध समजला जातो, कारण त्याने टोपी बसवण्याची टोके चेपतात आणि दीडशे वर्षांची कमान एका क्षणात तुटू शकते. परत ठेवण्यापूर्वी फडक्याने बोटांचे ठसे पुसावेत. घामाने लोखंडावर गंज धरतो हे विक्रेत्याला ठाऊक असते, आणि तुम्हालाही ते ठाऊक आहे हे त्याने पाहिले की तो टेबलाखालची पेटी उघडतो.

सर्वांत महत्त्वाचे, जुने आहे म्हणून ते रिकामे आहे असे कधीही धरून चालू नका. ठासणीची पिस्तुले भरलेल्या अवस्थेतच पिढ्यान् पिढ्या कपाटात राहतात, आणि कोरडी राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनीही पेटते. एकबारी पिस्तूल असेल, तर विक्रेत्याला लाकडाची बारीक काठी नळीत तळापर्यंत घालायला सांगावी, तोंडापाशी बोटाने खूण धरावी, आणि तीच काठी बाहेरून नळीशेजारी धरून पाहावी. काठीचे टोक रंजकाच्या छिद्राच्या जवळपास पोचले पाहिजे. ते इंचभर अलीकडेच थांबत असेल, तर आत काहीतरी आहे, आणि ते काढण्याचे काम जाणकार बंदूक-कारागिराचे आहे, तुमचे नव्हे.

पाचवी पायरी : पिस्तूल वाचणे

पिस्तूल हातात आल्यावर आधी कोरीवकाम किंवा नाव न पाहता कडा पाहाव्यात. अष्टकोनी नळीच्या धारा, फ्रेमचे कोपरे, स्क्रूंच्या भोकांचे काठ हे सगळे कारखान्यातून आले तेव्हा तीक्ष्ण होते. कुणी गंज घालवण्यासाठी ते चाकावर घासले की धारा गोल होतात, अक्षरांचे पाय पुसट होतात, आणि स्क्रूभोवतीचा पृष्ठभाग बशीसारखा खोलगट होतो. विजेरी तिरपी धरून पाहिले की ही लाट स्पष्ट दिसते. त्यानंतर रंग पाहावा. अस्सल निळी झळाळी वापराने विरते ती हात लागतो त्या जागी, म्हणजे नळीच्या तोंडाशी आणि म्यानात घासणाऱ्या कडांवर. खोबणींत आणि आडोशाला ती टिकते. खड्ड्यांच्या आतही निळा रंग उतरलेला दिसला, तर आधी गंज आला आणि नंतर रंग चढवला गेला हे निश्चित समजावे.

मी हे पैसे मोजून शिकलो आहे. पाचव्या वर्षी एका शोमध्ये मला एक रेमिंग्टन आवडले. त्याची निळाई इतकी गडद आणि एकसारखी होती की मी भिंग बाहेरच काढले नाही. विक्रेत्याने "सगळे मूळचे आहे" असे सांगितले, पावतीवर मात्र फक्त "जुने रिव्हॉल्व्हर" असे लिहिले, आणि मी ती पावती न वाचता घडी करून खिशात घातली. घरी आल्यावर मुठीकडे लक्ष गेले. सैन्याच्या तपासनिसाचा लाकडावरचा शिक्का जवळजवळ पूर्ण घासला गेला होता, आणि लाकूड लोखंडाच्या काठापेक्षा किंचित खाली बसले होते. लाकूड आणि लोखंड कारखान्यात एकत्र बसवून घासत असल्यामुळे ते काठोकाठ जुळलेले असावे लागते. जिथे पायरी दिसते तिथे कुणीतरी नंतर हात चालवलेला असतो. ते रिव्हॉल्व्हर मी अजून ठेवले आहे आणि माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांच्या हातात सर्वांत आधी तेच देतो.

कोल्टच्या टोपीच्या रिव्हॉल्व्हरांत अनुक्रमांक नळीवर, फ्रेमवर, चापाच्या कड्यावर, पाठपट्टीवर, सिलिंडरवर आणि नळी धरून ठेवणाऱ्या पाचरीवरही असतो. एकूण एक आकडे जुळले तर उत्तम. पाचर वेगळी निघाली तर किंमत थोडी उतरते, सिलिंडर वेगळे निघाले तर बरीच. सिलिंडरवर चक्राने उठवलेले चित्र असते. १८४९ च्या पॉकेटवर वाटमारे घोडागाडी अडवत आहेत, आणि १८५१ च्या नेव्हीवर टेक्सास व मेक्सिको यांच्या जहाजांची मे १८४३ मधली लढाई आहे. बाकीचे पिस्तूल झिजलेले आणि चित्र तेवढे करकरीत असेल, तर सिलिंडर बदललेले किंवा चित्र पुन्हा उठवलेले असण्याची दाट शक्यता असते. नळीवर न्यूयॉर्कचा पत्ता दिसला म्हणून गोंधळू नये. ती पिस्तुले हार्टफर्डलाच बनली, पत्ता व्यापारी कारणासाठी न्यूयॉर्कचा घातलेला आहे.

नकलांविषयी एवढे सांगणे आवश्यक आहे की, १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून इटलीत या सगळ्या मॉडेलांच्या प्रतिकृती बनत आल्या आहेत. त्या स्वतः वाईट नाहीत आणि नेमबाजीसाठी त्याच घ्याव्यात. दुखणे सुरू होते ते त्यांना आम्लात बुडवून, जमिनीत पुरून 'म्हातारे' करून विकले जाते तेव्हा. इटालियन प्रतिकृतीवर तिथल्या परीक्षणगृहाचे, म्हणजे शस्त्रांची चाचणी घेणाऱ्या संस्थेचे, शिक्के असतात, आणि १९७५ पासूनच्या पिस्तुलांवर छोट्या चौकटीत साल सांगणारी दोन अक्षरे असतात. लबाड माणूस ती घासून टाकतो, म्हणून नळीच्या खालच्या बाजूला, ठासणीच्या दांड्याने झाकल्या जाणाऱ्या जागी, अकारण खोलगट भाग दिसला तर पिस्तूल शांतपणे परत ठेवावे.

बेल्जियमच्या पिस्तुलांसाठी एक सोपी खूण आहे. लिएजच्या परीक्षणगृहाच्या लंबगोल शिक्क्यावर १८९३ पासून मुकुट आला. मुकुट नसलेला शिक्का म्हणजे पिस्तूल त्याआधीचे. उलट, 'बेल्जियम' असे देशाचे नाव इंग्रजीत कोरलेले असेल, तर ते बहुधा १८९१ नंतर अमेरिकेच्या बाजारासाठी बनले, कारण तेव्हापासून आयात मालावर देशाचे नाव घालणे इथल्या जकात कायद्याने सक्तीचे झाले.

सहावी पायरी : किंमत आणि पावती

घासाघीस इथेही चालते, पण तिची रीत वेगळी आहे. वस्तूची नालस्ती करून भाव पाडण्याचा प्रयत्न करू नये, तो अपमान समजला जातो. "रोख दिले तर सर्वांत कमी किती?" एवढे विचारावे, उत्तर ऐकावे, आणि पटत नसेल तर आभार मानून पुढे जावे. रविवारी दुपारी आवराआवर सुरू झाल्यावर तोच विक्रेता अनेकदा स्वतःहून हाक मारतो. एका टेबलावरचा भाव वहीत टिपून तशाच दुसऱ्या दहा टेबलांवरचे भाव पाहिल्याशिवाय बोलणी सुरू करू नयेत. हे काम पहिल्या वर्षातच करून ठेवायचे आहे.

लिलावगृहातून घेताना हातोडा पडलेल्या रकमेवर खरेदीदाराचे अधिमूल्य लागते, आणि ते साधारण १५ ते २५ टक्के असते. हिशेबात ते आधीच धरावे. वस्तूच्या वर्णनातली 'उत्कृष्ट', 'उत्तम', 'चांगली' ही विशेषणे या क्षेत्रात ठरलेल्या अर्थाने वापरली जातात, म्हणून अवस्थेची प्रमाणित कोष्टके पाठ करून ठेवावीत.

पावतीवर मॉडेल, अनुक्रमांक, अंदाजे निर्मितीसाल, ते १८९९ पूर्वीचे असल्याचा उल्लेख, आणि झळाळी मूळची की नंतरची हे विक्रेत्याच्या हस्ताक्षरात लिहून घ्यावे. परत करण्याची मुदत विचारावी आणि तीही तिथेच लिहून घ्यावी. तोंडी आश्वासन देणारा माणूस ते कागदावर उतरवायला कचरत असेल, तर तेच तुमचे उत्तर आहे.

पन्नास वर्षांहून जुनी, परंतु १८९८ नंतरची शस्त्रे जमवायची झाली, तर त्यासाठी संग्राहकाचा वेगळा संघराज्य परवाना असतो. तीन वर्षांसाठी तीस डॉलर शुल्क आहे. पहिल्या वर्षात त्याची गरज नाही.

सातवी पायरी : घरी आणल्यावर

घरी आणलेल्या पिस्तुलाला पहिला महिना काहीही करू नये. सॅंडपेपर, लोखंडी काथ्या, पितळ उजळण्याची पेस्ट यांना तर कधीच हात लावू नये. तपकिरी झालेले लोखंड हे गंजलेले लोखंड नसते. तो रंग शतकभरात तयार झालेला थर आहे आणि त्याने पुढचा गंज अडवून धरलेला असतो. सुती कापडाने धूळ पुसावी, लाल भुरभुरीत गंज दिसेल तिथेच तेलाचा थेंब टाकून दोन दिवस थांबावे, आणि शेवटी संग्रहालयांत वापरतात त्या सूक्ष्मस्फटिकी मेणाचा पातळ हात द्यावा. स्क्रू खोलायचा मोह झाला, तर खाचेत तंतोतंत बसणारा पेचकस हाताशी असल्याशिवाय तो आवरावा. कुरतडलेली स्क्रूची खाच हे अनाडी मालकाचे पहिले लक्षण म्हणून पुढचा खरेदीदार पाहतो.

पिस्तूल चामड्याच्या म्यानात ठेवू नये. चामडे ओल धरते, त्यातली आम्ले लोखंड खातात आणि पितळेवर हिरवा थर आणतात. म्यान मूळचे असेल तर ते शेजारी, वेगळ्या कापडात ठेवावे. कपाटातली आर्द्रता ४५ ते ५० टक्क्यांच्या आसपास राहील असे पाहावे. ओहायोच्या दमट उन्हाळ्यात तळघरापेक्षा वरच्या मजल्यावरचे कपाट बरे. घरात मुले असतील, तर अँटिक आणि आधुनिक हा भेद त्यांच्या दृष्टीने नसतो, म्हणून कपाटाला कुलूप असलेच पाहिजे. जुने पिस्तूल चालवून पाहण्याची इच्छा होणे स्वाभाविक आहे, पण ती प्रतिकृती घेऊन भागवावी. दीडशे वर्षांपूर्वीच्या लोखंडात आतून काय झाले आहे हे भिंगाने दिसत नाही.

प्रत्येक नगासाठी एक कार्ड करावे आणि त्यावर अनुक्रमांक, सर्व शिक्क्यांचे वर्णन, मोजमाप, कुणाकडून किती किमतीला कोणत्या दिवशी घेतले आणि कुठली खोट आढळली हे लिहावे. छायाचित्रे दोन्ही बाजूंनी काढावीत आणि पावती कार्डालाच जोडावी. घरमालकाच्या साध्या विम्यात असा संग्रह बहुधा पुरेसा झाकला जात नाही, म्हणून त्याची वेगळी नोंद करवून घ्यावी. कार्डांची एक प्रत पत्नीकडे किंवा पतीकडे द्यावी आणि तिच्यावर मराठीत ठळकपणे लिहावे की यांतले कोणते नग अँटिक आहेत, कोणते नाहीत, आणि आपल्या पश्चात कोणत्या संघटनेला किंवा जाणकाराला बोलावून किंमत ठरवून घ्यायची. माझ्या ओळखीतल्या एका गृहस्थांच्या मागे त्यांच्या कुटुंबाने पंचवीस वर्षांचा संग्रह, कोणता नग कुठला हेच न कळल्यामुळे, एका दुपारी ढिगाच्या भावाने देऊन टाकला. ती यादी करायला त्यांना एक रविवार लागला असता.